चार पायांची मिरची

आमच्याकडे ओव्हन नाही.
म्हणून प्रतीक्षाने कुकरची शिट्टी काढली, रबर काढलं,
तळाशी दोन वाट्या जाडं मीठ ओतलं
आणि त्यावर एक पालथी ताटली.
तिची आई मोरीतून ओरडली, मीठ जाळतेस?
जाळत नाही गं, तापवते.
सोमवारी कॉलेजात सरांसमोर करायचंय,
आज घरच्यांवर प्रयोग.

पदार्थ मेक्सिकोचा.
रात्री भिजवलेला राजमा, सकाळचा भात,
मक्याचे दाणे, टोमॅटो, जिऱ्याची पूड,
आणि चीजचं एक पाकीट,
ज्याच्या किमतीवर तिने अंगठा ठेवला होता.
म्हणजे भरली ढोबळीच की, आई म्हणाली,
बेसनाच्या जागी राजमा.
पोरगी गप्प. नाकपुडी तेवढी हलली.

मिरच्या काही उभ्या राहीनात.
एक कलंडली, तिच्या धक्क्याने दुसरी,
राजमा ओट्यावर, ओट्यावरून हर्षदच्या भूगोलावर.
बूड कापून सपाट करावं तर भोक पडतं,
भोकातून सगळा रस.
तिचे डोळे भरले. कांदा मघाशीच चिरून झाला होता.

मी कॉटवर आडवा. रात्रपाळीचा माणूस.
सव्वीस वर्षं हा माल उचलतोय,
आधी पोत्यातून, आता क्रेटमधून,
तुर्भ्याच्या मार्केटात गाडीपासून गाळ्यापर्यंत.
पाठीला विचारा, ती सांगेल:
बटाटा टोचतो, कोबी लोळतो,
ढोबळी मिरची आतून पोकळ,
पोतं दिसतं केवढं आणि भरतं केवढंसं.
उचलल्या किती त्याचा हिशोब टोळीच्या वहीत आहे.
खाल्ल्या किती तो मला तोंडपाठ आहे.

उठलो. पिशवीतल्या सगळ्या पालथ्या मांडल्या.
म्हटलं, हे बघ, हिला तीन पाय, हिला चार.
तीन पायांची भाजीला ठेव,
चार पायांची भरायला घे.
तुम्हाला कुणी शिकवलं?
कोण शिकवणार.
पोत्याखाली मान वाकली की नजर जमिनीवरच असते,
सांडलेली मिरची आधी पायांकडूनच दिसते.

सहांत दोनच निघाल्या.
मग मी बनियनवर शर्ट चढवून नाक्यावर गेलो,
टोपलीतली एकेक उलटी करून पाहू लागलो.
भाजीवाली म्हणाली,
काका, मिरची घेताय का सून बघताय?
तीन मिळाल्या. पावशेराचे पैसे दिले,
भाव केला नाही. मार्केटातला भाव माहीत असूनही.

चाळीस मिनिटं कुकर मुका बसला.
शिट्टीची सवय असलेल्या घरात
ती शांतता कुणाला झेपेना.
हर्षद दोनदा विचारून गेला, बिघडला का?
शेवटी तिने झाकण उचललं
आणि पाचही उभ्या होत्या,
कातडं सुरकुतलेलं, डोक्यावर चीज ओघळलेलं,
देठाची टोपी जराशी तिरकी.

पहिला घास हर्षदने घेतला आणि जीभ भाजून घेतली.
मेक्सिको कुठे आलं, मी विचारलं.
त्याने राजम्याचा डाग पडलेलं पान उघडून दाखवलं.
तिथलं मार्केट किती वाजता भरतं
ते पुस्तकात नव्हतं.

उरलेली एक माझ्या डब्यात गेली.
रात्री अडीचला, संगमनेरची गाडी यायच्या आधी,
बबन सपकाळने डब्यात डोकावून पाहिलं.
ही काय भानगड? उभीच्या उभी?
चार पायांची आहे, म्हटलं. मेक्सिकोची.
त्याने अर्धी तोडली, चावली, थांबला.
मेक्सिको कसलं, हा तर कांदा-लसूण मसाला,
आपल्या पाटणचा.

तेव्हा मला आठवलं,
पोरगी चीज किसत होती
आणि तिची आई तिच्या पाठीमागे
चमचा घेऊन उगाच उभी होती.

गाडी उलटी येत होती. मी टॉवेलची चुंबळ केली.
सोमवारी सरांना यातलं काही सांगू नकोस, हे
तिला सांगायचं की तिच्या आईला,
तेवढं अजून ठरायचंय.